एका बरगडीची कैफियत

पाय मोडलेल्या मनुष्याला समाजात जी प्रतिष्ठा लाभते, ती पाय धड असताना त्याला पुष्कळदा कधीच लाभलेली नसते. पांढरेशुभ्र प्लास्टर चढवून तो उशांच्या राशीत आडवा झाला की एरवी जिन्यात समोरासमोर येऊनही ओळख न देणारे शेजारी शहाळी घेऊन येतात, शाळकरी भाचरे प्लास्टरवर आपली नावे गिरवतात, आणि कुबड्या टेकीत तो प्रथमच गल्लीत उतरतो तेव्हा प्रत्यक्ष पुण्याचा रिक्षावालादेखील त्याला वाट देतो. हात मोडलेल्याची पायरी त्याच्या खालची. तथापि गळ्यात अडकवलेली झोळी ही सुद्धा एक प्रकारची सनदच असते, आणि ती पाहून बसमधील मंडळी निमूटपणे आसन मोकळे करून देतात. परंतु ज्याची बरगडी दुखावली त्याच्या नशिबी प्लास्टर नाही, झोळी नाही, कुबडी नाही, की कपाळावरची साधी पट्टीही नाही. तो चारचौघांसारखा दिसतो, चारचौघांसारखा चालतो, आणि आपल्या शरीरात काही बिघाड आहे असे सांगू लागला, तर न्यायालय ज्या नजरेने ऐकीव पुराव्याकडे पाहते त्या नजरेने लोक त्याच्याकडे पाहतात. कागदावाचून कोणाचा शब्द खरा मानावयाचा नाही, हे तत्त्व ज्याने जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात एकतीस वर्षे पक्षकारांना ऐकवले आणि शेवटी शिरस्तेदाराच्या खुर्चीवरून सन्मानाने निवृत्ती घेतली, त्याच्याच वाट्याला असले बिनकागदी दुखणे यावे, यात दैवाने जुन्या पक्षकारांपैकी कोणाची तरी फिर्याद दाखल करून घेतली असावी, असा मला दाट संशय आहे.

वस्तुतः व्यायाम आमच्या घराण्याला नवा नाही. माझे आजोबा शुक्रवार पेठेतील चिंचेच्या तालमीत जात. पहाटे चारला उठून जोर आणि बैठका मारणे, मुद्गलांची जोडी फिरवणे, हौद्यातील तांबडी माती अंगाला फासून वस्तादांच्या पाया पडणे आणि घरी येऊन शेरभर दूध रिचवणे, हा त्यांचा परिपाठ होता. तालमीत दगडी नाल असे. त्याच्या मधल्या मुठीला धरून तो खांद्यावर घेणाऱ्याचे नाव पेठेत आठ दिवस गाजे. माझ्या वडिलांच्या पिढीत या परंपरेचे रूपांतर आजोबांच्या गोष्टी सांगण्यात झाले आणि माझ्या पिढीत त्या गोष्टी ऐकण्यात. त्यामुळे निवृत्तीच्या दिवशी माझ्या कन्येने शाल-श्रीफळाऐवजी जवळच्या एका जिमच्या तीन महिन्यांच्या सभासदत्वाची पावती हाती ठेवली, तेव्हा घराण्याची बुडालेली वहिवाट पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी मजवर येऊन पडल्याचा भास मला झाला. तालमीत मारुतीची तसबीर असते, जिममध्ये चोहोबाजूंनी आरसे असतात. तालमीत गेलेल्या मनुष्याला आपल्याहून थोर असे काही समोर दिसते, जिममध्ये गेलेल्याला स्वतःचे पोट दिसते, आणि तेही चार दिशांनी.

पहिले दोन महिने निर्विघ्न पार पडले. बाकावर उताणे पडून लोखंडी दांडा छातीपर्यंत आणावयाचा आणि पुन्हा वर ढकलावयाचा, या प्रकाराला तेथे बेंच प्रेस म्हणतात. नुसता दांडाच वीस किलोंचा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना दहा-दहा किलोंच्या प्लेट चढवून मी चाळीस किलोंपर्यंत प्रगती केली होती, आणि घरी दुधाच्या पिशव्या आणताना त्या उगाच खांद्याच्या वर उचलून धरण्याची मला सवय लागली होती. माझ्या नाशाला कारण झाला तो एक शब्द. तेथील शिक्षक, वयाने माझ्या मुलीहून लहान आणि दंडाने माझ्या मांडीहून मोठा असा एक सुस्वभावी तरुण, वीस-वीस किलोंच्या प्लेट पाहत उभ्या असलेल्या मला अत्यंत ममतेने म्हणाला, "राहू द्या काका, ते आपल्यासाठी नाही."

त्याने 'साहेब' म्हटले असते तर मी माघार घेतली असती आणि 'आजोबा' म्हटले असते तर घरीच निघून गेलो असतो. परंतु 'काका' या संबोधनात एक असा अर्धवट सन्मान आहे की तो स्वीकारताही येत नाही आणि नाकारताही येत नाही. सुश्रुताने व्यायाम आपल्या बळाच्या अर्ध्यानेच करावा असे स्पष्ट सांगून ठेवले आहे, आणि श्वास तोंडाशी येऊ लागला की अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे, ही खूणही दिली आहे. हे वचन मला ठाऊक नव्हते असे नाही. माझी चूक हिशेबात झाली. अर्धे बळ म्हणजे कोणाच्या बळाचे अर्धे, हा मुद्दा मी नीट तपासला नाही, आणि पंचविसाव्या वर्षी जे बळ माझ्या अंगी होते अशी माझी समजूत होती, त्याचे अर्धे काढून मी बाकावर आडवा झालो. प्लेट निसटू नयेत म्हणून दोन्ही टोकांना चिमटे पक्के बसवले होते. शिक्षक खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी बैठका मोजत होता.

साठ किलोंचा दांडा खाली येण्यास मुळीच कुरकुर करीत नाही. त्याची सगळी नाराजी वर जाण्यापुरती असते. तो आला आणि छातीवर असा विसावला की जणू जप्तीचा हुकूम घेऊन आलेला बेलीफ ओसरीवर ऐसपैस बसला आहे. मदतीसाठी हाक मारावी तर हाकेला वारा लागतो आणि वाऱ्याचा सर्व कारखाना दांड्याखाली दडपलेला. अशा प्रसंगी दांडा लोळवत पोटाकडे न्यावा आणि उठून बसावे, अशी जिममधील अनुभवी मंडळींची वहिवाट आहे, हे मी पूर्वी पाहिले होते. त्याप्रमाणे मी तो लोळवू लागलो. छातीचा माथा ओलांडून तो उतारावर आला, आणि डाव्या बाजूला आतल्या आत, सुपारी अडकित्त्यात सापडावी तसा, एक लहानसा, व्यवस्थित 'कट्' असा आवाज झाला. तो फक्त मला ऐकू आला. या प्रकरणातील एकमेव साक्षीदार मी स्वतःच ठरलो, आणि पुढील सर्व अनर्थाचे मूळ तेथे आहे.

त्या बाकावर पडल्या पडल्या मला रावणाची आठवण झाली. सीतास्वयंवरात शिवधनुष्य उचलण्यास तो गेला आणि ते त्याच्या छातीवर कोसळले, हा प्रसंग कीर्तनकार मोठ्या चवीने रंगवतात आणि श्रोते पोट धरून हसतात. लहानपणी मीही हसलो आहे. आज विचार करता असे वाटते की वजन उचलताना बरगड्या दुखावून घेणाऱ्यांच्या परंपरेचा तो मूळ पुरुष असावा, आणि इतक्या युगांत त्याच्या बरगड्यांची विचारपूस एकाही कीर्तनकाराने केलेली नाही. मुखे दहा असल्यामुळे त्याला निदान कण्हण्याची सोय होती. दुर्दैव एवढेच की दहाही मुखांना वारा पुरवणाऱ्या बरगड्या एकाच छातीच्या.

दुखणे डाव्या बाजूचे असल्यामुळे घरात प्रथम हृदयाचा गवगवा झाला. रात्री साडेनऊला माझ्या हृदयाचा आलेख निघाला, तो निर्दोष ठरला, आणि घरच्यांच्या मुद्रेवर जे समाधान पसरले त्यात, मला स्पष्ट दिसले, माझे दुखणे एका झटक्यात निम्म्या किमतीचे होऊन गेले. दुसऱ्या दिवशी क्ष-किरणांनी छातीचे चित्र घेतले. तेही निर्दोष. आमचे जुने डॉक्टर बोटाने एकेक बरगडी चाचपत खाली आले आणि सहाव्या बरगडीवर त्यांनी बोट टेकताच मी जो उद्गार काढला तो येथे नमूद करीत नाही. "सहावी," ते म्हणाले. "बारीक तडा असणार. असला तडा पहिल्या दिवसांत फोटोत पुष्कळदा दिसत नाही. आणि दिसला काय नि न दिसला काय, उपचार तोच."

"मग प्लास्टर केव्हा घालायचे?" मी मोठ्या आशेने विचारले.

"अहो शिरस्तेदार, बरगड्या म्हणजे लोहाराचा भाता. भाता दोरीने आवळून ठेवला तर भट्टी पेटेल कशी? पूर्वी आम्ही चिकटपट्ट्यांनी छाती आवळत असू. मग माणसे भीतीने उथळ श्वास घेत, कफ साचे आणि बरगडी राहून जाई बाजूला, फुप्फुसालाच सूज येई. म्हणून ते सगळे बंद झाले. सहा आठवडे थांबा. हाड आपले आपण जुळते."

याप्रमाणे ज्या एका गोष्टीसाठी मी रांगेत तासभर बसलो होतो ती शास्त्राने माझ्या जन्मापूर्वीच नाही तरी माझ्या बरगडीपूर्वी खासच बरखास्त केली होती. घरी येऊन मी शरीरशास्त्राचे पुस्तक काढले. मनुष्याला बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. त्यांतील वरच्या सात जोड्या आपापल्या कूर्चेने थेट उरोस्थीला जाऊन भिडतात, म्हणून त्यांना खऱ्या बरगड्या म्हणतात. पुढच्या तीन आपल्या वरचीच्या कूर्चेला टेकून निर्वाह करतात, म्हणून त्या खोट्या. आणि शेवटच्या दोन पुढच्या बाजूस कोणालाच न चिकटता नुसत्या तरंगत असतात. म्हणजे माझी सहावी बरगडी खऱ्यांपैकी होती. शास्त्राने जिला खरी म्हणून दाखला दिला आहे, तिच्याच जबानीवर विश्वास ठेवण्यास कोणी तयार नव्हते आणि आरोपी दांडा संशयाचा फायदा मिळून त्याच बाकावर उजळ माथ्याने पुन्हा रुजू झाला होता. चरकाने बरगड्या, त्यांची बसण्याची स्थाने आणि त्यांवरील उंचवटे वेगवेगळे धरून या भागात चोवीस त्रिक बहात्तर हाडे मोजली आहेत. आधुनिकांना हा हिशेब जास्त वाटतो. त्या रात्री कूस बदलताना तो मला बिनचूक वाटला.

समाचाराला आलेल्या मंडळींची मी तक्रार करीत नाही. त्यांची अडचण मी समजू शकतो. रोगी म्हणून ज्याला पाहावयास आलो तोच दार उघडून "या, बसा" म्हणतो, हे दृश्य कोणाही सहृदय मनुष्याचा रसभंग करणारे आहे. "कुठे दुखते?" असे विचारून ते माझ्या सदऱ्याकडे पाहत, तेथे काही न दिसल्यामुळे खिडकीकडे पाहत, आणि मग स्वतःच्या साडूच्या मोडलेल्या पायाची, म्हणजे अधिक भरीव पुरावा असलेल्या प्रकरणाची, हकिगत सुरू करीत. कोणी आंबेहळदीचा लेप सुचवला, कोणी कांडवेलीचा रस, कोणी गावाकडच्या हाडवैद्याचा पत्ता दिला. माझ्या पुतण्याने सांगलीच्या संकेत सरगरचा दाखला दिला: २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, ५५ किलोंच्या गटात, त्या मुलाने एकूण २४८ किलो उचलले, ऐन स्पर्धेत कोपर दुखावले तरी रौप्यपदक सोडले नाही, आणि सुवर्ण हुकले ते केवळ एका किलोने. "आणि काका, तुम्ही साठ किलोंत?" असे तो म्हणाला नाही, पण म्हणण्यासाठी त्याने जी जागा मोकळी सोडली ती मला त्या वाक्याहून अधिक झोंबली. मी एवढेच म्हणालो की कोपर दिसते.

या दुखण्याचे खरे वैशिष्ट्य असे की ते सलग नसते. ते समन्स बजावून येते. स्वस्थ बसलेल्या मनुष्याला आपण बरे झालो असे वाटू लागते, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात लाल मिरचीची फोडणी पडते. चौथ्या दिवशीची ती फोडणी मी मरेपर्यंत विसरणार नाही. प्रथम नाकाच्या शेंड्यावर एक सूक्ष्म हुळहुळ झाली. शिंक ही निसर्गाने मनुष्याला दिलेली अशी नोटीस आहे की जिच्यात मुदत नसते. मी नाक दाबले, टाळूला जीभ लावली, गतवर्षीची घरपट्टी आठवली; परंतु शिंक ही घरपट्टीहूनही अटळ निघाली. ती आली तेव्हा डाव्या कुशीत कोणी पेटती उदबत्ती टेकवावी तसे झाले, आणि माझ्या तोंडून निघालेला ध्वनी ऐकून खालच्या मजल्यावरचे कुत्रे भुंकू लागले. सौभाग्यवती उलथने हातात घेऊन दाराशी आल्या, मजकडे क्षणभर पाहिले आणि एक शब्दही न बोलता आत गेल्या. त्या दिवसापासून आमच्या घरची आमटी का कोण जाणे मिळमिळीत लागू लागली. आजारात जिव्हेची रुची जाते असे ऐकून होतो, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले.

शिंकेहून कठीण परीक्षा हास्याची. दोन महिन्यांपूर्वी काढून ठेवलेली एका फार्सची तिकिटे वाया जाऊ नयेत, या शुद्ध पुणेरी कारणास्तव मी तिसऱ्या आठवड्यात बालगंधर्व रंगमंदिरात गेलो. खोकताना छातीशी धरण्यासाठी डॉक्टरांनी उशी सांगितली होती, ती कापडी पिशवीत घालून मांडीवर घेतली होती. पहिल्याच प्रवेशात सभागृह कोसळले. मी हसू येऊ नये म्हणून मनातल्या मनात १९६३ च्या मुदतीच्या कायद्याची कलमे ओळीने म्हणू लागलो. एरवी ज्यांनी मला झोप येत असे त्या कलमांनी माझे प्राण वाचवले. माझ्या उजवीकडचे गृहस्थ डोळे पुसत होते, डावीकडच्या बाई पदर तोंडात कोंबत होत्या, आणि मध्ये मी उशी कवटाळून सुतकी चेहऱ्याने समोर पाहत होतो. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत ते गृहस्थ माझ्याजवळ आले आणि अत्यंत आदराने, खालच्या आवाजात म्हणाले, "क्षमा करा, आपण समीक्षक का?" त्या प्रश्नाने मात्र मुदतीच्या कायद्याचा आधार सुटला, आणि तिसऱ्या अंकाची वेळ मी रंगमंदिराच्या पायरीवर बसून घालवली.

दरम्यान माझा व्यायाम सुरूच होता. डॉक्टरांनी मला प्लास्टिकचे एक यंत्र दिले होते, ज्यात तीन नळ्या आणि त्यांत तीन चेंडू असतात. नळी तोंडात धरून श्वास आत ओढावा, म्हणजे चेंडू वर चढतात, आणि जितका श्वास खोल तितके चेंडू अधिक. दर तासाला दहा वेळा. आमच्या योगशास्त्राने अहोरात्रीचे श्वास २१,६०० सांगितले आहेत, म्हणजे मिनिटाला पंधरा. अठ्ठावन्न वर्षे हा अजपाजप कोणी चालवीत होते आणि त्याची मला वार्ताही नव्हती. जुन्या कचेरीत जसा एखादा कारकून असतो, की तो कधी बढती मागत नाही, कधी गैरहजर राहत नाही, त्यामुळे त्याचे नावही कोणास ठाऊक नसते, आणि तो एक दिवस रजेवर गेला म्हणजे कचेरीतले एकही कपाट उघडत नाही, तशा या चोवीस बरगड्या. साठ किलोंवर झेप घेणारा मी पहिल्या आठवड्यात एका चेंडूशी झगडत होतो. तो चेंडू, फार तर चार बोरांच्या वजनाचा, ज्या दिवशी नळीच्या माथ्यावर जाऊन थरथरत राहिला, त्या दिवशी घरातील सर्वांनी टाळ्या वाजवल्या. जिममध्ये माझ्यासाठी कोणीही टाळी वाजवली नव्हती. दुसरा चेंडू तिसऱ्या आठवड्यात उठला, तिसरा पाचव्यात. आणि सहावा आठवडा सरता सरता एके सकाळी मी जांभई देऊन मोकळा झालो, व ती दुखली नाही हे माझ्या दुपारी लक्षात आले.

येथे प्रकरण निकालात निघावयास हवे होते. परंतु पावसाळ्याच्या तोंडी मला खोकला झाला, तो हटेना, म्हणून डॉक्टरांनी छातीचे नवे चित्र काढावयास लावले. फुप्फुसे स्वच्छ निघाली. त्यांखाली मात्र तज्ज्ञाने एक ओळ टंकित केली होती: डावी सहावी बरगडी, जुना भंग, जुळून आलेला. हाड जुळताना तडा गेलेल्या जागी नव्या हाडाची गाठ चढते, आणि मूळचा तडा चित्रात उमटला नाही तरी ही गाठ उमटते, असे डॉक्टरांनी समजावून दिले. मी ते चित्र उजेडाला धरले. करड्या धुक्यातून वाकत गेलेल्या त्या रेषेवर, एका जागी, मोहोर उठवावी तसा एक लहान फुगीर ठसा होता. दोन महिने मी ज्या दस्तऐवजासाठी तळमळलो तो असा सही-शिक्क्यानिशी माझ्या हाती आला.

ते पाकीट काखोटीला मारून मी त्याच संध्याकाळी बाहेर पडलो. वरच्या मजल्यावरच्या देशपांड्यांनी चित्र दिव्यापुढे धरून ते उलटसुलट निरखले. "अरेच्चा! म्हणजे खरेच मोडली होती की!" ते म्हणाले. माझी मान ताठ झाली. "मग आता कशी आहे?" मी बरी आहे असे सांगितले. "मग झाले तर!" असे म्हणून त्यांनी चित्र परत केले आणि साडूच्या पायाचे वर्तमान सांगावयास सुरुवात केली. आणखी दोन घरी हाच निकाल लागला. दावा मुदतबाह्य झाला होता. पुरावा दाखल झाला तेव्हा दुखणेच पटावर उरले नव्हते. जिना उतरताना, निदान एक तरी माणूस हे चित्र नीट पाहील या आशेने मी घरी आलो आणि पाकीट सौभाग्यवतींपुढे धरले.

त्यांचे हात पिठाने भरले होते. "बरी झाली ना आता? झाले तर मग," त्याही म्हणाल्या. चित्राकडे त्यांनी पाहिलेही नाही. मी पाकीट दप्तरात लावण्यासाठी आतल्या खोलीत वळलो, आणि पाठीमागे कढईत काहीतरी चरचरले. खमंग, तिखट, घशात उतरणारा एक ओळखीचा धूर घरभर पसरला, आणि तो वास आपल्याला बरोबर आठ आठवड्यांनी येत आहे, हे उमजण्यापूर्वीच मला शिंक आली. एकामागून एक अशा तीन आल्या. मी सवयीने डाव्या कुशीवर हात दाबून उभा राहिलो; तेथे काहीच झाले नाही.

आमटी त्या रात्री तिखटजाळ झाली होती.